होल-बॉडी एमआर अँजिओचा कॉन्ट्रास्ट: कुठला घ्यायचा, किती घ्यायचा आणि कसा सोडायचा

नुसत्या मानेची किंवा नुसत्या किडनीच्या आर्टरींची एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआयवर काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, असेल तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, कुठला घेतला याने फार काही अडत नाही, टायमिंग बरं जमलं की चित्र येतंच. पण मानेपासून घोट्यापर्यंतच्या सगळ्या आर्टरी एकाच बैठकीत काढायच्या म्हटलं की गणितच बदलतं, कारण कॉन्ट्रास्ट रक्ताबरोबर पुढे पळत असतो आणि आपण टेबल सरकवत त्याच्या मागे. म्हणून नवीन पोरं जेव्हा विचारतात की मॅडम सगळ्यात ब्राइट कॉन्ट्रास्ट कुठला, तेव्हा मी उलट विचारते की तुला तो आर्टरीत किती वेळ हवाय ते आधी सांग. ब्राइट तर सगळेच असतात, भांडण असतं ते वेळेचं.

खाली सगळं क्रमाने लिहितेय, फॉर्म हातात आल्यापासून रिपोर्टपर्यंत. टेक्निशियन आणि नवीन रेसिडेंट डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण पेशंटने वाचलं तरी हरकत नाही, फक्त डोस वगैरे शेवटी तुमचा रेडिऑलॉजिस्ट ठरवणार.

आधी थोडं, हा पदार्थ नक्की करतो काय

सीटीत आयोडीनचा कॉन्ट्रास्ट स्वतः दिसतो. एमआरमध्ये गॅडोलिनियम स्वतः दिसतच नाही, त्याच्या शेजारच्या पाण्याच्या प्रोटॉनवर त्याचा जो परिणाम होतो तो दिसतो. गॅडोलिनियमच्या आयनमध्ये सात इलेक्ट्रॉन जोडीविना मोकळे असतात, त्यामुळे तो जबरदस्त पॅरामॅग्नेटिक आहे आणि जवळच्या प्रोटॉनचा टी-वन, म्हणजे त्यांना मूळ स्थितीत परत यायला लागणारा वेळ, झपाट्याने कमी करतो; टी-वन जितका कमी तितकं चित्र पांढरं. दीड टेस्लाच्या मशीनवर साध्या रक्ताचा टी-वन साधारण १२०० मिलिसेकंदांच्या घरात, चरबीचा २७० च्या आसपास. आता रक्त चरबीपेक्षा पांढरं दिसायला हवं तर रक्ताचा टी-वन २७० च्या बराच खाली खेचायला लागतो, शंभरच्या खाली गेला तर उत्तम. आणि हे होतं फक्त कॉन्ट्रास्ट घट्ट असताना, म्हणजे पहिल्या फेरीत. एकदा तो सगळ्या रक्तात मिसळला आणि बाहेरच्या टिश्यूत झिरपायला लागला की आर्टरी, व्हेन, स्नायू सगळंच थोडं थोडं उजळतं आणि आपल्याला हवा तो फरक गेला.

सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, त्याचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळपास असल्यामुळे शरीर फसतं. म्हणून ते एका मोठ्या रेणूच्या मिठीत बांधूनच देतात. ही मिठी दोन प्रकारची. लिनिअर म्हणजे मोकळ्या टोकांची साखळी धातूभोवती गुंडाळलेली, आणि मॅक्रोसायक्लिक म्हणजे बंद कडं, धातू आत अडकलेला. कड्यातून सुटणं फार अवघड, साखळीतून त्यामानाने सोपं. एवढा एक फरक डोक्यात पक्का असला की पुढचा सुरक्षिततेचा निम्मा भाग आपोआप कळतो.

गॅडोलिनियमचा पहिला कॉन्ट्रास्ट, गॅडोपेंटेटेट, १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. नव्वदच्या दशकात कॉन्ट्रास्ट देऊन थ्रीडी अँजिओ करायची पद्धत बसली, आणि २००१ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या टीमने सरकत्या टेबलावर कॅरोटिडपासून पायापर्यंत ७२ सेकंदांत अख्खा माणूस काढून दाखवला. पाच स्टेशन, म्हणजे टेबल थांबवून एकेक काढायचे शरीराचे भाग, प्रत्येकी १२ सेकंद, आणि मधे टेबल सरकवायला तीन-तीन सेकंद. हा ७२ चा आकडा लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

पायरी १: किडनी आणि जुना इतिहास

होल-बॉडी अँजिओला येणारा पेशंट बहुतेक वेळा डायबेटिसवाला, बीपीवाला, सिगरेट ओढून पायाच्या नसा बंद झालेला, म्हणजे किडनीही नाजूक असण्याची शक्यता जास्त. बऱ्याचदा तर आयोडीन टाळायचं म्हणूनच त्याला एमआरला पाठवलेलं असतं. त्यामुळे क्रिएटिनिन बघा, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, काढा आणि मुख्य म्हणजे गेल्या काही दिवसांत किडनीला अचानक धक्का बसलाय का ते विचारा, कारण अशा वेळी ईजीएफआरचा आकडा फसवा असतो.

हे सगळं कशासाठी, तर एनएसएफसाठी, म्हणजे नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस या आजारासाठी. कातडी दगडासारखी कडक होते, सांधे आखडतात, कधी आतले अवयवही धरतात. १९९७ पासून डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे दिसायला लागलं, कारण कुणाला कळेना, २००६ मध्ये ऑस्ट्रियातून पहिल्यांदा गॅडोलिनियमकडे बोट दाखवलं गेलं आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे, की त्या काळात एमआर अँजिओला दुप्पट-तिप्पट डोस सर्रास दिला जायचा. म्हणजे आपल्याच प्रकारच्या तपासणीत पेशंटच्या अंगात सगळ्यात जास्त गॅडोलिनियम जायचं.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी कॉन्ट्रास्टचे गट पाडते. पहिल्या गटात गॅडोडायमाइड, गॅडोपेंटेटेट आणि गॅडोव्हर्सेटामाइड, तिन्ही लिनिअर, आणि एनएसएफच्या बहुतेक केसेस यांच्याच. दुसऱ्या गटात गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल हे मॅक्रोसायक्लिक आणि सोबत गॅडोबेनेट, हा लिनिअर असूनही या गटात बसतो. दुसऱ्या गटातल्या औषधाने नेहमीच्या डोसला एनएसएफ होणं इतकं दुर्मिळ आहे की ईजीएफआर ३० च्या खाली असला तरी गरज खरी असेल तर ते देता येतं. माझं मत विचाराल तर होल-बॉडीसाठी पहिल्या गटातलं काहीही कपाटातच नको, म्हणजे चुकून हातात येण्याचा प्रश्नच मिटला.

पेशंट हिमोडायलिसिसवर असेल तर स्कॅन डायलिसिसच्या आधी बसवा, म्हणजे स्कॅन झाला की तो सरळ डायलिसिसला जातो. पोटाचं डायलिसिस असेल तर गॅडोलिनियम फार हळू निघतं, तिथे खरंच कॉन्ट्रास्ट हवाच का हे परत विचारा. आणि जो डायलिसिसवर नाही त्याला फक्त आपल्या स्कॅनसाठी डायलिसिस सुरू करायचं नसतं, ही चौकशी मला अजूनही येते म्हणून लिहिलं.

बाकी प्रश्न पटकन: आधी गॅडोलिनियमची रिॲक्शन आली होती का, दमा आहे का, प्रेग्नन्सी आहे का (असेल तर जवळजवळ नेहमीच टाळायचं), स्टेंट किंवा बायपास कुठे आहे. बाळाला अंगावर पाजणारी आई असेल तर दूध थांबवायची गरज नसते, दुधात उतरणारा भाग अगदी नगण्य असतो. मेटफॉर्मिनही बंद करायला लागत नाही, ती कटकट आयोडीनची.

पायरी २: कॉन्ट्रास्ट निवडा, पण वेळेच्या हिशोबाने

पहिला प्रकार म्हणजे नेहमीचे एक्स्ट्रासेल्युलर, जे रक्तातून काही मिनिटांत बाहेर झिरपतात आणि दीड-एक तासाच्या हाफ-लाइफने (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) किडनीतून निघून जातात. गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल, गॅडोब्युट्रॉल सगळे यातले. यांच्याबरोबर शर्यत लावायलाच लागते, दुसरी संधी नाही. त्यातल्या त्यात गॅडोब्युट्रॉलची गंमत अशी की बाटलीत तो एक मोलर असतो, बाकीचे अर्धा मोलर, म्हणजे तेवढ्याच डोसला निम्मं पाणी. छोटा आणि घट्ट बोलस, म्हणजे एका दमात सोडलेला कॉन्ट्रास्ट, हवा असेल तर छान, पण होल-बॉडीला आपल्याला उलट लांब बोलस हवा असतो, त्यामुळे तो पातळ करून घ्यायला लागतो. त्याची रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे प्रति मिलीमोल टी-वन किती पाडतो तो आकडा, गॅडोटेरेटपेक्षा जास्त आहे, प्लाझ्मात दीड टेस्लाला पाचच्या आसपास विरुद्ध साडेतीन-पावणेचार. पोटरीच्या बारीक आर्टरीत हा फरक डोळ्यांना दिसतो, एओर्टात दिसत नाही.

दुसरा प्रकार अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाला, थोडासा चिकटणारा, गॅडोबेनेट. चिकटल्यामुळे हळू फिरतो आणि म्हणून रिलॅक्सिव्हिटी वाढते, सहाच्या वर जाते. सुरुवातीच्या होल-बॉडी कामात हाच भरपूर वापरला गेला आणि चित्रं सुंदर यायची. पण तो लिनिअर. २०१७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने लिनिअर औषधांवर गदा आणली, गॅडोबेनेट फक्त लिव्हरपुरता ठेवला, त्यामुळे तिकडे अँजिओसाठी तो गेला. कारण एनएसएफ नव्हतं, मेंदूत साठणं होतं. २०१४ मध्ये जपानमधून पहिल्यांदा दाखवलं गेलं की वारंवार लिनिअर कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत डेंटेट न्यूक्लिअस आणि ग्लोबस पॅलिडस कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या टी-वन चित्रावरही उजळ दिसतात. त्याने पेशंटला काही त्रास होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण पायाच्या नसांच्या पेशंटला पुढे आणखी चार स्कॅन लागणार असतात, म्हणून पर्याय असताना मी तरी मॅक्रोसायक्लिकच घेते.

तिसरा प्रकार ब्लड पूल, म्हणजे रक्तातच मुक्काम ठोकणारे. गॅडोफॉसव्हेसेट खास एमआर अँजिओसाठीच बनवलेला, अल्ब्युमिनला घट्ट धरायचा, डोस फक्त ०.०३ मिलीमोल प्रति किलो आणि तासभर निवांत स्कॅन करा. युरोपात २००५ ला, अमेरिकेत २००८ च्या शेवटी मंजूर झाला आणि नंतर बाजारातून गेला, खप नव्हता. आम्ही हळहळलो, पण खरं सांगायचं तर निवांत स्कॅन करताना व्हेनसुद्धा आर्टरीइतक्याच पांढऱ्या दिसायच्या आणि पोटरीत दोन्ही वेगळ्या काढताना जीव जायचा.

आता ब्लड पूल म्हणून हातात उरलं ते फेरुमॉक्सिटॉल. हे मुळात किडनीच्या आजारात लोह कमी झालेल्यांसाठी शिरेतून द्यायचं लोहाचं औषध, २००९ चं, लोह ऑक्साइडचे बारीक कण, रक्तात हाफ-लाइफ १५ तासांच्या आसपास. गॅडोलिनियम अजिबात नाही, म्हणून किडनी पूर्ण गेलेल्या पेशंटला सोयीचं. पण अँजिओसाठीचा वापर ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरीबाहेरचा, आहे, २०१५ पासून गंभीर ॲलर्जीचा चौकटीतला इशारा आहे, त्यामुळे हे कधीच फटकन इंजेक्टरने मारायचं नाही, पातळ करून किमान १५ मिनिटं हळू सोडायचं, बीपी बघत राहायचं आणि नंतर अर्धा तास नजरेसमोर ठेवायचं. इथे शर्यतच नसते, प्रत्येक स्टेशन आरामात, जास्त रिझोल्यूशनने काढा. फक्त व्हेन येणारच हे धरून चाला.

एक नवीन नाव, गॅडोपिक्लेनॉल, २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर, मॅक्रोसायक्लिक असून रिलॅक्सिव्हिटी बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे डोस निम्मा, ०.०५ मिलीमोल प्रति किलो. मंजुरी मेंदू-मणका आणि शरीरातल्या गाठी वगैरे बघण्यासाठी आहे, अँजिओ त्यात नाही. पण होल-बॉडीवाल्यांचं त्याच्याकडे लक्ष असणारच.

पायरी ३: डोस, आणि सिरिंजमधलं गणित

नेहमीचा डोस ०.१ मिलीमोल प्रति किलो. ७० किलोचा माणूस धरा, ७ मिलीमोल झाले, म्हणजे गॅडोब्युट्रॉल ७ मिली किंवा गॅडोटेरेट १४ मिली. होल-बॉडीला एकापेक्षा जास्त भाग असल्यामुळे बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये हा दुप्पट होतो, ०.२. त्यापुढे जायची गरज मला तरी कधी पडलेली नाही, आणि किडनी कमजोर असेल तर ०.१ मध्येच भागवा, गरज पडल्यास एखादं स्टेशन सोडा.

आता ७२ सेकंद आठवा. १४ मिली कॉन्ट्रास्ट सेकंदाला २ मिली वेगाने सोडला तर सात सेकंदांत संपला, आणि आपल्याला तर मिनिटभर आर्टरी भरलेली हवीय. म्हणून तो सलाईनने ६० मिलीपर्यंत वाढवायचा आणि दोन वेगांत सोडायचा. पहिले ३० मिली सेकंदाला १.३ मिलीने, म्हणजे साधारण २३ सेकंद. उरलेले ३० मिली ०.७ ने, म्हणजे ४३ सेकंद. एकूण ६६. आणि मागून ३० मिली सलाईन, नाहीतर शेवटचा कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतच लोळत पडतो. पहिला टप्पा जोरात का, तर एओर्टात पातळी पटकन वर चढायला हवी. दुसरा हळू, कारण एकदा चढलेली पातळी नुसती टिकवायची असते, शिवाय मागे जे रक्त परत फिरून येतं त्यातही थोडा कॉन्ट्रास्ट असतोच.

पातळ करताना मी स्वतः खाल्लेला मार सांगते. कॉन्ट्रास्ट सलाईनपेक्षा जड असतो. सिरिंजमध्ये आधी कॉन्ट्रास्ट ओढला, वर सलाईन ओढलं, लावली इंजेक्टरला आणि सोडलं. पोट आणि मांडी झगझगीत, छाती फिकट. मशीनवर संशय घेतला, कॉइल तपासली, मग लक्षात आलं की सिरिंजमध्ये दोन थर तसेच होते, घट्ट भाग उशिरा गेला. तेव्हापासून सिरिंज आठ-दहा वेळा उलटसुलट केल्याशिवाय लावत नाही. आत हवेचा छोटा बुडबुडा ठेवून उलटी केली की तो बुडबुडाच ढवळून देतो, मग तो काढून टाकायचा, अर्थातच.

पायरी ४: सुई कुठल्या हातात

उजव्या. शक्य तितकं उजव्याच, कोपराच्या खोबणीत, गुलाबी कॅन्युला, म्हणजे २० गेज. डाव्या हाताने दिलं तर घट्ट कॉन्ट्रास्ट डाव्या ब्रेकिओसेफॅलिक व्हेनमधून जातो, जी एओर्टाच्या कमानीतून निघणाऱ्या आर्टरींच्या बरोबर समोरून आडवी जाते. गॅडोलिनियम फार घट्ट असलं की उजळवायच्या ऐवजी सिग्नल खाऊन टाकतं, टी-टू-स्टारचा परिणाम, आणि शेजारची सबक्लेव्हियन किंवा कॅरोटिड मधेच तुटल्यासारखी दिसते. अशा खोट्या स्टेनोसिसवर (आर्टरी अरुंद झालीय असं समजून) रिपोर्ट लिहिलेले मी बघितलेत, पेशंट बिचारा परत सीटीला गेला आणि आर्टरी एकदम स्वच्छ. डावा हात वापरावाच लागला तर रिपोर्ट करणाऱ्याला कागदावर लिहून द्या.

पायरी ५: पेशंट टेबलावर, आणि मांडीचे कफ

पाय आधी आत की डोकं आधी हे मशीनप्रमाणे. गुडघ्याखाली उशी द्या, पण पोटऱ्या टेबलावर दाबल्या जाणार नाहीत हे बघा, दाबलेल्या पोटरीत आर्टरीही दबते. स्टेशन एकमेकांवर थोडे चढलेले ठेवा, काही सेंटिमीटर तरी, नाहीतर जोडाच्या जागी नेमका आर्टरीतला बिघाड लपतो. प्रत्येक स्टेशनचा मास्क, म्हणजे कॉन्ट्रास्ट सोडायच्या आधीचं चित्र, आधी काढून ठेवा, नंतर वजाबाकीला लागतो, आणि मास्क झाल्यावर पेशंटला पाय जराही हलवू नका म्हणून सांगा. पाय हलला की वजाबाकीत हाडांच्या कडा पांढऱ्या रेघांसारख्या उमटतात.

आता कफ. नुसत्या पायांची अँजिओ केलेल्या पेशंटमध्ये मोजलंय की कॉन्ट्रास्ट हातातून निघून जांघेतल्या फीमोरलला पोचायला सरासरी २४ सेकंद, तिथून गुडघ्यामागे आणखी ५ आणि तिथून घोट्याला आणखी ७. म्हणजे घोट्याला ३६ व्या सेकंदाला कॉन्ट्रास्ट हजर, आणि आपलं टेबल? पहिलं स्टेशन १८ व्या सेकंदाला सुरू केलं तर पाचवं, पोटरीचं, ७८ व्या सेकंदाला लागतं. मधल्या चाळीसेक सेकंदांत निरोगी पायातही व्हेन भरायला लागते, आणि डायबेटिसची जखम किंवा पायात इन्फेक्शन असेल तर काही सेकंदांतच भरते. मग पोटरीत पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता, त्यातली आर्टरी कुठली ते देवाला ठाऊक.

मांडीला बीपीसारखे रुंद कफ बांधून ५० ते ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवले की व्हेन दबते, आर्टरी चालू राहते, आणि खालच्या पायात रक्त सावकाश फिरतं. इंजेक्शनच्या जरा आधी फुगवा, पोटरीचं स्टेशन झालं की लगेच सोडा. पायात गुठळी असेल किंवा मांडीतून बायपास गेला असेल तर कफ नको.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, तो म्हणजे शर्यतच तोडायची. डोस दोन भागांत वाटा, पहिल्या इंजेक्शनला पोटरी आणि पाऊल स्वतंत्र काढा, व्हेनच्या आधीच, आणि थोडं थांबून दुसऱ्या इंजेक्शनला मान ते मांडी. एकूण डोस तोच. मल्टी-चॅनल कॉइल अंगभर लावता येणारी मशीन आल्यापासून हे सहज जमतं. दुसऱ्या खेपेला आधीचा कॉन्ट्रास्ट थोडा मागे दिसतो पण ताजा मास्क घेतला की तो वजा होतो. पायाला जखम असलेल्या पेशंटला मी दुसरा विचारच करत नाही, सरळ दोन इंजेक्शन.

पायरी ६: टेस्ट बोलस

कॉन्ट्रास्ट पोचायला किती वेळ लागतो ते आधी मोजून घ्यायचं. दोन मिली कॉन्ट्रास्ट, मागून सलाईन, मुख्य इंजेक्शनच्या पहिल्या टप्प्याच्याच वेगाने. वेग बदलला तर टेस्टला काही अर्थच नाही. एओर्टाच्या कमानीवर एक स्लाइस ठेवून सेकंदाला एक चित्र काढत राहा आणि शिखर कितव्या सेकंदाला येतं ते बघा. समजा २० व्याला आलं. आता तुमच्या सिक्वेन्समध्ये के-स्पेसचा, म्हणजे चित्र बनायच्या आधीच्या कच्च्या माहितीच्या तक्त्याचा, मधला भाग, ज्यावर कॉन्ट्रास्ट ठरतो, तो कधी भरतो? १२ सेकंदांच्या साध्या लिनिअर क्रमात, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरत जाताना, सहाव्या सेकंदाला. २० वजा ६, १४. मी त्यात ३-४ सेकंद वाढवते, कारण मुख्य बोलस लांब आहे आणि पातळी स्थिर व्हायला जरा वेळ घेते, म्हणून इंजेक्शन सुरू केल्यावर १८ व्या सेकंदाला स्कॅन. सेंट्रिक क्रम असेल तर मधला भाग सुरुवातीलाच भरतो, तेव्हा सहा वजा करू नका, हे विसरून बऱ्याच जणांचं पहिलं स्टेशन वाया जातं.

घाई झाली आणि कॉन्ट्रास्ट चढत असतानाच मधला भाग भरला तर आर्टरीच्या कडा पांढऱ्या आणि मधे काळी पट्टी दिसते, अगदी डिसेक्शनसारखी (आर्टरीची भिंत आतून फाटते तो आजार). उशीर झाला तर जुग्युलर व्हेन कॅरोटिडच्या गळ्यात गळा घालून. दोन्हीतलं एक निवडायचं तर उशीर परवडला, व्हेन कापून काढता येते, काळी पट्टी नाही.

ज्यांचं हार्ट कमजोर आहे त्यांचं शिखर ३० च्याही पुढे जातं, तिथे अंदाजाने अजिबात सोडू नका.

पायरी ७: सोडा आणि बघत राहा

श्वास रोखायला फक्त छाती आणि पोटाच्या स्टेशनला सांगा, पेशंटला आधी दोनदा सराव द्या. इंजेक्टर सुरू झाल्यावर पहिले दहा सेकंद कुणीतरी हातावर नजर ठेवा, कॅन्युला निसटून कॉन्ट्रास्ट बाहेर गेला तर आयोडीनइतकं नुकसान होत नाही पण स्कॅन गेलाच. पेशंटला हातात गार वाटणं, जराशी मळमळ हे चालतं. पित्तासारखे चट्टे, घशात आवळल्यासारखं, श्वास लागणं यातलं काही दिसलं की टेबल बाहेर, पेशंट मॅग्नेटच्या खोलीबाहेर, आणि पुढचं सगळं बाहेर. ॲड्रिनॅलिन कुठे ठेवलंय हे स्कॅन सुरू करायच्या आधी माहीत पाहिजे. गंभीर रिॲक्शन फार क्वचित येते, पण ज्या दिवशी येते त्या दिवशी कपाटाची किल्ली सापडत नाही असा माझा अनुभव आहे.

पायरी ८: पेशंटला उठवायच्या आधी

सगळी स्टेशनं जोडून बघा. कुठे आर्टरी तुटलेली दिसली तर आधी स्टेंट आहे का विचारा, बरेच स्टेंट आतला सिग्नल गिळतात आणि उघडी आर्टरीसुद्धा बंद दिसते. दुसरं, फक्त तयार एमआयपी चित्रावर, म्हणजे सगळ्या स्लाइसमधले सर्वात उजळ ठिपके एकत्र करून बनवलेल्या चित्रावर, जाऊ नका, मूळ पातळ स्लाइस उघडा. कॅल्शियमचा थर इथे दिसत नाही, सीटीत जिथे कॅल्शियममुळे लुमेन (आर्टरीची आतली पोकळी) कळत नाही तिथे एमआर जिंकतं, पण सर्जनला थर किती आहे हे हवं असेल तर ते आपल्याकडे मिळणार नाही.

पोटरी व्हेनने बिघडली असेल तर लगेच आणखी कॉन्ट्रास्ट मागू नका, आधी कॉन्ट्रास्टशिवायचं स्टेशन काढून बघा. क्यूआयएसएससारख्या पद्धतीला कॉन्ट्रास्ट लागतच नाही आणि पोटरीत ती चांगली चालते, फक्त आधी दिलेलं गॅडोलिनियम अंगात असताना तिचा पार्श्वभूमीचा सिग्नल बिघडू शकतो. म्हणून जिथे व्हेनची शंका आधीपासून आहे तिथे मी ती कॉन्ट्रास्टच्या आधीच काढून ठेवते, वेळ जातो थोडा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

कॉन्ट्रास्टचं पूर्ण नाव, मिलीमध्ये किती, मिलीमोल प्रति किलो किती, कुठल्या हातातून आणि बॅच नंबर. नुसतं "गॅडोलिनियम दिलं" असं लिहिलेलं पुढच्या माणसाच्या काही कामाचं नसतं, कारण पुढच्या वेळी रिॲक्शन किंवा मेंदूतल्या साठण्याचा प्रश्न आला तर नेमकं कुठलं हेच विचारतात. गॅडोडायमाइड किंवा गॅडोव्हर्सेटामाइड कुठे दिलंच असेल तर वॉर्डला कळवा की रंगावर चालणाऱ्या काही लॅब टेस्टमध्ये त्या दिवशी कॅल्शियम खोटं कमी येतं, उगाच शिरेतून कॅल्शियम चढवलं जायचं. आणि फेरुमॉक्सिटॉल दिलं असेल तर तारखेसकट ठळक लिहा, त्याचा परिणाम पुढचे तीन महिने दुसऱ्या कुठल्याही एमआरआयवर दिसू शकतो, आणि पेशंटच्या हातात त्याची एक चिठ्ठी वेगळी द्या, फाइल दुसऱ्या सेंटरला जातेच असं नाही.